ढोल कोठे आहे?

सन २००० हे ख्रिस्तसभेचे महाज्युबिली वर्ष. त्या वर्षी मी नवा धर्मगुरू होतो. अंगात उत्साह मावत नव्हता आणि हाताशी तरुणांचा एक गायनवृंद होता. ज्युबिलीनिमित्त आपल्या गाण्यांची एक ध्वनिफीत काढावी असे आम्ही ठरविले. घरोघरी फिरून पैसे जमविले, आठ गाणी निवडली आणि एके पहाटे जीप भरून शहरातल्या एका स्टुडिओत गेलो. आमच्याबरोबर ढोल वाजविणारे एक वडीलधारे गृहस्थ होते. ढोल जीपच्या टपावर बांधला होता. वाटेत दोनदा जीप थांबवून त्यांनी दोर तपासून पाहिला.

स्टुडिओच्या मालकाने ढोलाकडे एकवार पाहिले आणि तो म्हणाला, "फादर, हे इथे जमायचे नाही. ताल मी मशीनवर टाकतो. तुम्हांला फरक कळणारसुद्धा नाही." तासाचे भाडे चालू होते. मी मान डोलावली. ते गृहस्थ दिवसभर बाहेरच्या बाकावर, शेजारी ढोल ठेवून बसून राहिले. दुपारी जेवायला बोलाविले तेव्हा आले, जेवले आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले. परतीच्या वाटेवर त्यांनी माझ्याशी पिकापाण्याच्या गोष्टी केल्या.

ध्वनिफीत निघाली. रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या पायऱ्यांवर लावून सर्वांना ऐकविली. टाळ्या झाल्या. मग एका आजीबाईंनी विचारले, "ढोल कोठे आहे?" मी म्हणालो, "आहे की. हा काय वाजतोय." मशीनचे ठोके चालूच होते. आजीबाई काही बोलल्या नाहीत. मी धर्मगुरू, माझ्याशी वाद कोण घालणार?

ते ढोलवाले गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांची क्षमा मागण्याची संधी मला पुष्कळ वेळा मिळाली होती आणि प्रत्येक वेळी मी दुसरेच काहीतरी बोललो.

त्या स्टुडिओवाल्याला मात्र मी दोष देत नाही. ढोलाला दाराबाहेर बसविण्याची रीत ध्वनिमुद्रणाच्या जन्माइतकीच जुनी आहे. १९२५ च्या सुमारास विजेचे मायक्रोफोन वापरात येण्यापूर्वी गायक-वादक एका मोठ्या भोंग्यासमोर उभे राहून गात. भोंग्यात शिरलेल्या आवाजाच्या बळावरच सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरीत असे. मोठ्या ढोलाचा ठोका पडला की सुई उडे आणि तबकडी वाया जाई. म्हणून ढोल एक तर भिंतीशी नेऊन ठेवीत, नाही तर वर्ज्यच करीत. त्या काळच्या तबकड्या ऐकून एखाद्याला वाटावे, त्यांच्या गाण्यात ढोल नव्हताच मुळी!

सध्या माझे वास्तव्य कोरीट येथे आहे. नंदुरबारचा हा परिसर मिरचीचा, कापसाचा आणि ढोलाचा. होळीच्या दिवसांत सातपुड्यात, विशेषतः काठीच्या होळीला, रात्रभर ढोल वाजतात ते ज्याने ऐकले आहेत, त्याला पत्र्याच्या डब्यासारखे मशीनचे ठोके पुन्हा गोड लागत नाहीत. आमच्याकडे ढोल वाजविणारे साठीच्या घरातले एक गृहस्थ आहेत. सारा गाव त्यांना आबा म्हणतो, मीही म्हणतो. त्यांचा धाकटा मुलगा लग्नाच्या बँडमध्ये इंग्लिश पद्धतीचा ड्रमसेट वाजवितो. शिवाय एक गिटारवाला, एक बेस गिटारवाला, ज्याला इकडे सरसकट 'कॅसिओ' म्हणतात तो कीबोर्ड वाजविणारा एक शिक्षक आणि पाच गाणाऱ्या मुली. एवढा आमचा वाद्यवृंद.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात या मंडळींनी गाणी मुद्रित करण्याचा विषय काढला, तेव्हा मी ताबडतोब म्हणालो, "स्टुडिओ नको. माझ्या घरी करू." घरी बसून ध्वनिमुद्रण करण्यात आता काही नवल उरलेले नाही. अमेरिकेत लेस पॉल यांनी १९४८ च्या सुमारास आपल्या घराच्या गॅरेजमध्ये एकावर एक गिटारीचे आवाज चढवून गाणे तयार केले होते. आपल्याकडे ए. आर. रहमान यांचा स्टुडिओही चेन्नईतल्या राहत्या घराच्या आवारातच उभा राहिला. अर्थात त्या दोघांना ध्वनिमुद्रण येत होते, हा भेद होताच! मला सेमिनरीत सॉल्फा शिकविला होता, हार्मोनियम थोडीशी येत होती. मायक्रोफोन माझ्या माहितीप्रमाणे प्रवचनासाठी असतो. एका मित्राने चार तोंडांचा ऑडिओ इंटरफेस, दोन कंडेन्सर मायक्रोफोन आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उसने दिले. सभेत भाषणाला वापरतात तसे दोन मायक्रोफोन आमच्याकडे होतेच. संगणक जुना होता, पण चालत होता.

घाई होती. दिवाळी उलटली की इकडची पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत बारडोलीकडे जातात. आबा, त्यांची पत्नी आणि तो ड्रमवाला मुलगा यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती. ट्रक कधी येईल ते मुकादमाच्या हाती. आमच्यापाशी फार तर दोन आठवडे होते.

माझी बाहेरची खोली बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद. उघड्या भिंतींवर आवाज आपटून परत येतो आणि सारा गलका होतो, हे पुस्तकात वाचले होते. भिंतींना काहीतरी मऊ लावायला हवे. गोधड्या आणल्या, पुरल्या नाहीत. तेव्हा कोणीतरी उत्साहाने रिकामी पोती आणून खिळ्यांवर टांगली. पोती मिरचीची होती. आबांनी पहिला ठोका दिला, पोती थरारली, आणि पुढची दहा मिनिटे खोलीत कोणी गाऊ शकले नाही. त्या दिवशी एवढेच मुद्रित झाले: एक ठोका आणि सोळा-सतरा शिंका. तो तुकडा मी जपून ठेवला आहे.

पोत्यांचा तसाही उपयोग नव्हता. पातळ कापड फक्त बारीक, चिरचिरीत आवाज शोषते. ढोलाचा घुमारा शोषायला जाडी लागते. ती जाडी शेजारच्या घरातच पडून होती. वेचणी चालू होती आणि भाव वाढण्याची वाट पाहत लोकांनी कापूस घरात साठविला होता. आम्ही कापसाची मोठमोठी गाठोडी मागून आणली आणि खोलीच्या चारही कोपऱ्यांत छतापर्यंत रचली. खोलीची गुणगुण एकदम थांबली. कापसाच्या मालकाला मी सांगितले की तुमचा कापूस देवाच्या कामी आला. ते म्हणाले, "येऊ द्या फादर, पण ओला होऊ देऊ नका."

पहिल्या दिवशी आबांना मी मानाने खोलीच्या मध्यभागी बसविले होते. ऐकून पाहिले तर ढोलाचा खालचा आवाज गायब! काठीची टणटण तेवढी राहिली. पुस्तक उघडले. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज अडकून घुमू लागतो; भिंतीपाशी तो जोरात असतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. खोली चौरस असल्याने दोन्ही दिशांना हीच कथा. म्हणजे मी मान म्हणून दिलेली जागा ढोलासाठी खोलीतली सर्वांत वाईट जागा होती. आबांना अडीच फूट मागे सरकविले आणि काम झाले. मात्र ते सरकविण्यापूर्वीच, पुस्तक न वाचता, ते म्हणाले होते, "फादर, इथं ढोल बोलत नाही." मी ऐकले नव्हते.

दुसरी अडचण अधिक गमतीची होती. ढोलाला दोन तोंडे; म्हणून मी दोन्हीकडे एकेक मायक्रोफोन लावला. एकेकटा ऐकला की दोन्ही आवाज उत्तम. एकत्र केले की ढोल पोकळ होई. मी दोन रात्री तारा बदलीत बसलो. शेवटी उमगले. काठी एका तोंडावर पडते तेव्हा ते कातडे आत जाते, आतली हवा ढकलली जाते आणि दुसरे कातडे बाहेर येते. एका मायक्रोफोनच्या दृष्टीने कातडे दूर जाते, दुसऱ्याच्या दृष्टीने जवळ येते. दोघेही खरेच सांगतात. पण दोघांची साक्ष एकत्र केली की एक वजा एक, उत्तर शून्य. यावर उपाय एकच, एका मायक्रोफोनचा आवाज उलटा करणे. संगणकात त्यासाठी एक बारीकसे बटण असते. ते दाबले आणि माझ्या कानांवरच्या हेडफोनमध्ये ढोल असा उभा राहिला की मी खुर्चीत मागे रेललो. रात्रीचे साडेबारा झाले होते. आबांना उठवावे असे फार वाटले, उठविले नाही.

ड्रमसेटसाठी उरले दोन मायक्रोफोन आणि वाद्ये पाच-सहा. मोठ्या स्टुडिओत प्रत्येक ड्रमला वेगळा मायक्रोफोन असतो. पण ग्लिन जॉन्स नावाचे एक इंग्लिश ध्वनिमुद्रक तीन-चार मायक्रोफोनांत सारा ड्रमसेट टिपीत. त्यांच्या रीतीतली मुख्य अट अशी की वरचा एक आणि बाजूचा एक असे दोन मायक्रोफोन मधल्या स्नेअर ड्रमपासून अगदी सारख्या अंतरावर हवेत, म्हणजे ठोका दोघांकडे एकाच क्षणी पोहोचतो. आम्ही सुतळी घेतली, स्नेअरवर एका मुलीने बोटाने धरली आणि दुसऱ्या टोकाला गाठ मारून दोन्ही अंतरे जुळविली. खालच्या मोठ्या ड्रमला मायक्रोफोन उरलाच नाही. त्याचे काय केले ते पुढे येईल.

आता खरा प्रश्न. आधुनिक रीत अशी की प्रत्येक वादकाच्या कानात घड्याळासारखी टिकटिक सोडायची, प्रत्येकाने वेगवेगळ्या दिवशी येऊन आपला भाग वाजवायचा आणि मागाहून सगळे जोडायचे. चुका दुरुस्त करणे त्यात सोपे जाते. मीही आबांच्या कानांवर हेडफोन चढविला. चार-पाच आवर्तने वाजवून त्यांनी तो काढून मांडीवर ठेवला.

"काय झाले, आबा?"

"हा टिकटिकवाला कोणासाठी थांबत नाही, फादर."

मी समजूत घातली, पुन्हा प्रयत्न केला. ते वाजवीत होते, ताल चुकत नव्हता, पण ढोलातले काहीतरी निघून गेले होते. मला तो स्टुडिओबाहेरचा बाक आठवला. मी टिकटिक बंद केली आणि सर्वांना एकाच खोलीत बसविले. आबा आणि त्यांचा मुलगा समोरासमोर, एकमेकांची तोंडे दिसतील असे. गिटार, बेस आणि कॅसिओ बारीक आवाजात. गाणारी मुख्य मुलगी शेजारच्या खोलीत, दार उघडे ठेवून. ढोल आणि ड्रम त्याच वेळी मुद्रित करायचे, बाकीच्यांनी आपापले भाग मागाहून शांतपणे भरायचे.

तिसऱ्या खेपेला गाणे लागले. नंतर मी मोजून पाहिले: आरंभी मिनिटाला ९६ मात्रा होत्या, शेवटच्या कडव्यात १०४. पुस्तकाच्या हिशेबाने ही चूक. पण ऐकताना असे वाटत नाही की कोणी घाई केली. शेवटच्या कडव्यात मुलगी आवाज चढविते आणि आबा तिच्याबरोबर निघतात, एवढेच. ती श्वास घेते तिथे ते काठी क्षणभर धरून ठेवतात. टिकटिक तिच्या श्वासासाठी थांबली नसती. मुंबईच्या चित्रपटगीतांच्या त्या सुवर्णकाळात सारा वाद्यवृंद एका दालनात बसवूनच गाणे मुद्रित होत असे. एक व्हायोलिन चुकले की शंभर जणांना पुन्हा आरंभ करावा लागे. त्या वादकांत गोव्याच्या धर्मग्राम शाळांत स्वरलेखन शिकलेले आपले कॅथलिक बांधव किती तरी होते. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ही त्यांतली मोठी नावे. त्यांची गाणी साऱ्या देशाने गुणगुणली आणि नावे मात्र तबकडीवर क्वचितच आली. त्या गाण्यांत जी ऊब आहे ती जुन्या यंत्रांमुळे आहे असे पुष्कळ लोक मानतात. मला आता तसे वाटत नाही. ते लोक एकमेकांना ऐकत होते.

मुलीचा पुसट आवाज उघड्या दारातून ढोलाच्या मायक्रोफोनमध्ये शिरलाच. तिने नंतर तेच कडवे नीट गायिले, तरी मागे तिची पहिली सावली ऐकू येते. पुसून टाकता आली नाही; आता आवडू लागली आहे.

ट्रक शुक्रवारी आला. आबा आणि मंडळी गेली. मिश्रणाचे काम माझ्या एकट्याच्या गळ्यात पडले. ते रात्रीच करावे लागे, कारण दिवसा वीज असेल तेव्हा धर्मग्रामाची कामे असत आणि काम नसेल तेव्हा वीज नसे. मिश्रण म्हणजे ज्याचा त्याचा आवाज वरखाली करणे, अशी माझी समजूत होती. पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांचेच आवाज वर नेले आणि शेवटी काहीच ऐकू येईना. खालच्या पट्टीत ढोल, बेस गिटार आणि कॅसिओवाल्या गुरुजींचा डावा हात असे तिघे एकाच दारातून आत शिरू पाहत होते. गुरुजींचा डावा हात मी पूर्ण छाटला. (त्यांना हे कळले आहे, आम्ही अजून बोलतो.) गिटारीचा १०० हर्ट्झखालचा भाग काढून टाकला, तो तिच्या कामाचा नव्हताच. बेसला ढोलाच्या किंचित वर जागा दिली. ज्या मोठ्या ड्रमला मायक्रोफोन उरला नव्हता, त्याचा आवाज बाकीच्या मायक्रोफोनांत जेवढा आपोआप आला तेवढाच राहिला, आणि तेवढा पुरला. खालची जमीन आबांची होती. ढोलाचे फार जोरकस ठोके कॉम्प्रेसरने थोडे दाबले, पण थोडेच. पहिल्यांदा जास्त दाबले तेव्हा ढोल उशीवर मारल्यासारखा झाला होता.

मुलींचे आवाज कोरडे वाटत होते. १९४७ साली शिकागोत बिल पटनम यांनी स्नानगृहात ध्वनिक्षेपक ठेवून गाण्याला घुमारा दिला होता. माझे स्नानगृह फारच लहान, पण देऊळ होते. रात्री वेदीच्या पायरीशी ध्वनिक्षेपक ठेवून मुलींचे आवाज रिकाम्या देवळात सोडले आणि मागच्या बाकाजवळ मायक्रोफोन लावून ते परत टिपले. त्यात दोन पाली आणि एक लांबचा कुत्राही आला.

सगळे झाले असे वाटले, तेव्हा मी ते गाणे फोनवर लावून पाहिले आणि हादरलो. ढोल नव्हता. फोनच्या बोटभर ध्वनिक्षेपकाला खर्ज काढताच येत नाही. पंचवीस वर्षांनी तोच प्रश्न: ढोल कोठे आहे? आणि ही गाणी ऐकणारी माणसे ती फोनवरच ऐकणार. उसाच्या फडात कोणाकडे मोठे ध्वनिक्षेपक असतात? कानाची एक खुबी मदतीला आली. खर्ज नसला तरी काठी कातड्यावर आपटल्याचा दोन-तीन हजार हर्ट्झचा तडाखा ऐकू आला की मन उरलेला ढोल स्वतःच भरून घेते. काठीच्या बाजूचा मायक्रोफोन मी तेवढ्याच भागात उचलला. फोनवर ढोल परत आला. लहान होता, पण ढोलच होता.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात गायनवृंदातला एक मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन आला. "फादर, मध्यरात्रीच्या मिस्सेला हेच लावू. आबा नाहीत, ड्रमवाला नाही. यात सगळे आहे." त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. मीच ते इतके चांगले केले होते. पण १९५८ च्या रोमच्या सूचनापत्रात ग्रामोफोन, टेपरेकॉर्डर यांसारखी यंत्रे उपासनेत वाजविण्यास सक्त मनाई होती. माणसाचा जिवंत आवाज मोठा करण्यापुरता ध्वनिक्षेपक चालत असे. सेमिनरीत हा नियम वाचताना मला तो जुनाट वाटला होता. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मानाचे स्थान दिले, ढोलाला देवळाचे दार उघडले. ते दार ढोल वाजविणाऱ्यासाठी उघडले होते. त्याची जागा रिकामी आहे हे लोकांना कळू नये, अशी व्यवस्था मी एकदा केली होती.

मी मुलाला नाही म्हणालो. तो नाराज झाला. मध्यरात्रीच्या मिस्सेला आम्ही टाळ्या आणि खंजिरी घेऊन गायलो. मधूनमधून ताल सैल झाला. ढोलाची जागा जिथे असते तिथे लोकांनी सवयीने थोडी मोकळी जागा सोडली होती.

गाणी मी आबांच्या मुलाच्या फोनवर पाठविली होती. नाताळाच्या दुपारी बारडोलीच्या बाजूने फोन आला. मागे बैलांच्या घुंगरांचा आणि लहान मुलांचा आवाज होता. मुलाने सांगितले, रात्री पालावर सगळ्यांनी ऐकली, शेजारच्या पालांवरचे लोकही आले. मग आबांनी फोन घेतला.

"नाताळच्या शुभेच्छा, फादर."

"तुम्हांलाही आबा. ढोल ऐकू आला का?"

"आला ना. पण दुसऱ्या गाण्यात मी पोरीच्या पुढं पळालो आहे. ते पुसून टाका. मी होळीला येतो, तेव्हा परत घेऊ. कापूस विकला नाही ना कोणी?"

कापूस विकला गेला होता. मी म्हणालो, बघतो काहीतरी.